विचारलं तेवढंच

झेलंडमध्ये आमचं गाव समुद्राहून खाली,
बांधाच्या पोटाशी, जमिनीत मुरलेल्या ओलीवर.
रविवारी तिथे काही हलायचं नाही.
सायकली भिंतीकडे तोंड करून उभ्या,
बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात बुडवलेले,
आणि हातात विणायच्या सुया नाहीत म्हणून
आईचे अंगठे दिवसभर
एकमेकांभोवती फिरत राहायचे.

मंडळीचे एक वडील म्हणजे माझेच वडील.
काळा कोट, ताठ कॉलर,
प्रवचनाला मोजून तीन पेपरमिंट:
एक आरंभाला, एक अर्ध्यात, एक नरक आला की.
दशांश ते कांद्यांचाही काढत,
आणि काढताना मऊ पडलेले कांदे
आपोआप देवाच्या बाजूला घरंगळत.

आम्ही आज्ञा पाळायचो.
गाय पाळतात तशी:
दाव्याला बांधून, वेळेवर चारा घालून,
आणि सकाळ-संध्याकाळ
खाली बादली धरून.

त्या नोव्हेंबरात वारा वायव्येचा.
शेतातलं पाणी समुद्रात सोडायला उघडलेलं बांधाचं दार
उघडंच राहिलं, दारवान लेंडर्ट तापात बरळत होता,
आणि दुपारी भरती येणार होती.
पाच वडील उपासनेनंतर तिथेच बसले.
चाक फिरवणं हे काम, की दया?
दया असेल तर किती फेऱ्यांपर्यंत?
बाहेर पाणी चढत होतं,
आत मुद्दे.

तेव्हा याकोमिना निघाली.
वाम मासे धुरावून विकणारी, विधवा,
अंगाला कायम ओल्या लाकडाचा वास.
खडावा तिने बांधाखाली काढल्या,
पदरी काही नव्हतं, फक्त खांदे होते,
आणि गंजलेलं चाक ती फिरवत राहिली
दार खाली बसेपर्यंत.
मग हात स्कर्टला पुसून घरी गेली.
कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं मी.

बुधवारी, चर्चच्या मागच्या खोलीत,
बारा वर्षांचा, केस पाण्याने चापून बसवलेले.
तू पाहिलंस?
पाहिलं.
चाक फिरवताना?
हो.
किती फेरे?
एकेचाळीस, मी म्हणालो,
आणि वडिलांनी आकडा वहीत लिहिला
अभिमानाने: पोरगा नेमकं बोलतो.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा.
एक अक्षर मी खोटं बोललो नाही.
तू कुठे उभा होतास, असं कुणी विचारलं नाही.
बोरूच्या बेटात, गुडघाभर चिखलात,
हाताला गुंडाळलेला गळ,
त्याच रविवारी, त्याच तासाला,
असं मी सांगितलं नाही.
विचारलं तेवढंच.

याकोमिना समोरच्या बाकावर.
तिने माझ्या बाहीकडे पाहिलं.
वामाचा चिकटा वाळला की चांदीसारखा चकाकतो,
आणि धुतला तरी जात नाही,
हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक?
तिने पाहिलं,
मग खिडकीकडे पाहिलं.

तीन महिने प्रभुभोजन बंद.
पहिल्या रविवारी ती आली तशीच,
शेवटच्या बाकावर बसली,
पेला तिच्या पुढून गेला
जसा खांबापुढून जातो.

घरी त्या रात्री बटाट्यांची वाफ.
तळघरात साठ पोती, एकही भिजलेलं नाही.
वडिलांनी डोळे मिटून आभार मानले:
समुद्राला आवर घालणाऱ्या हे प्रभू.
आई म्हणाली आमेन,
आणि पहिल्यांदाच तिचे अंगठे
थांबलेले दिसले मला.

आता दार विजेवर चालतं,
रविवारीसुद्धा,
कुणाच्याच हातून पाप न घडता.
वडील गेले. याकोमिना त्यांच्या आधीच गेली,
तिच्या थडग्यावर वर्षही पुसट झालंय.
मी मंडळीचा वडील आहे, अकरा वर्षं.
पोरं माझ्यापुढे नीट वागतात,
विचारलं तेवढंच बोलतात.

पेपरमिंट मी दोनच ठेवतो.
आणि पेला हातोहात माझ्यापर्यंत येतो तेव्हा
अजून, घेण्याआधी,
मी बाही आत दुमडतो.